तुरीच्या ओळीत उगवलेलं परदेशी बी

मी कुठेही जायचं झालं तर महिनाभर आधी आरक्षण करते आणि तुम्हालाही तेच सांगत आले आहे. या वेळी मात्र तत्काळचं तिकीट काढून, एका पिशवीत दोन साड्या कोंबून पुणे स्टेशन गाठलं. कारण फोनवर आलेला एक फोटो.

फोटो माझ्या धाकट्या बहिणीने, पुष्पाने पाठवला होता. ती परभणी जिल्ह्यात, गंगाखेडजवळच्या एका गावात राहते. शेत तिच्या नावावर आहे. ती आणि तिचे यजमान दत्तराव मिळून ते करतात. फोटोत तुरीचं रान होतं आणि मधोमध वेगळ्याच हिरव्या रंगाची एक ओळ, पुष्पाच्या खांद्याला लागेल एवढी उंच. सोबत तिने बोलून पाठवलं होतं: "अक्का, समीरनं कॅनडाहून खायचं बी आनलं व्हतं बघ. त्यातलं मूठभर अंबाडीच्या बियात मिसळून तुरीत टाकलं. पान अगदी अंबाडीचं हाय. पर फूल काय येईना. नुसता तुरा आलाय, आन् वास लय मारायलाय."

मागच्या वर्षी मी कुलूला गेले होते हे नियमित वाचणाऱ्यांना आठवत असेल. तिथे हेच झाड रस्त्याच्या कडेला आपल्याकडच्या गाजरगवतासारखं माजलेलं पाहिलं होतं. तेच कातरलेलं पान आणि तोच हाताला चिकटणारा तुरा. ही भांग होती. याच झाडाच्या तुऱ्याला गांजा म्हणतात.

मी पुष्पाला फोन केला नाही. समीरला, म्हणजे तिच्या मुलाला केला. तो टोरोंटोजवळ राहतो. मे महिन्यात आला होता तेव्हा आईच्या रक्तदाबाला चांगलं म्हणून बियांची दोन पाकिटं देऊन गेला होता.

"त्यात काय मावशी?" तो म्हणाला. "इथे घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे. आणि हे नशेचं वाण नाहीच. हेम्प आहे. इथे किराण्याच्या दुकानात मिळतं."

"तुझी आई कोणत्या देशात राहते?"

तो म्हणाला, "आईला काही होईल का?"

"तेच बघायला निघाले आहे. तू तिला फोन करायचा नाहीस."

फोनवर सांगितलं असतं तर पुष्पा हबकली असती आणि दत्तरावांनी रागाच्या भरात सगळं उपटून पेटवून दिलं असतं. त्याचा धूर गावभर गेला असता.

पुण्याहून परभणीला रात्रीच्या गाड्या आहेत. स्लीपरचा डबा थंडीच्या दिवसांत पुरेसा आहे, वातानुकूलितवर खर्च करू नका. फक्त पांघरूण न्या. गाडीत मी फोनवर कायदे वाचत बसले. एकाच झाडाबद्दल जगाची एवढी वेगवेगळी मतं असतील असं वाटलं नव्हतं. कॅनडात घरटी चार झाडं. जर्मनीत प्रौढ माणसाला तीन. फ्रान्स आणि चीनमध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी याची शेतंच्या शेतं असतात. थायलंडने आधी सगळं मोकळं केलं आणि नंतर पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी मागायला सुरुवात केली. सिंगापुरात ठरावीक वजनापुढे गांजाची ने-आण केली तर फासापर्यंत जाता येतं. तुमची मुलं परदेशात असतील आणि येताना सिंगापूर किंवा आखातात विमान बदलत असतील, तर त्यांच्या सामानात असल्या गोळ्या, तेलं, खाऊ काय आहे ते आताच विचारा. लाजू नका.

आपल्याकडचं तर आणखी वेगळं. उत्तराखंडात सरकारी परवाना घेऊन कमी नशेचं वाण पेरता येतं. बी खाण्यासाठी विकायला देशभर मुभा आहे. पुण्यात माझ्या घराजवळच्या दुकानात ते मिळतं. पण परवान्याशिवाय झाड लावलं, तर वाण कुठलंही असो, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. बी खाल्लं तर आहार, पेरलं तर गुन्हा. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं, कुठेतरी आपलं चुकत असेल या आशेने. चुकत नव्हतं.

परभणीला उतरले तेव्हा उजाडलं होतं. बसस्टँडसमोर गाडीवर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात. पोटाला हलकी आणि पोह्यांपेक्षा स्वस्त. गंगाखेडला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. रस्ता मधे मधे चांगला आहे, पण हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात आणि ड्रायव्हर बस कडेला घेऊन उभाच राहतो. पोखर्णीला देवदर्शनाचे लोक चढले-उतरले. माझ्या मागच्या सीटवर दोघे जण फोनवर काहीतरी पाहत होते.

"उसात गांजा लावला व्हता म्हनं."

"कुटं?"

"तिकडं खाली कुटंतरी, काय की. लावनारा पळाला. रानाच्या मालकाला धरलं."

"मालकाला कामून?"

"रान त्याचं म्हून."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंना तूर होती, आणि तुरीतल्या प्रत्येक वेगळ्या ओळीवर माझी नजर अडकत होती.

गंगाखेडला मी आधी वकिलाकडे गेले. ओळखीतून नाव मिळालं होतं. फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुमच्या बहिणीला माहीत आहे?"

"नाही. ती अंबाडी समजते आहे."

"मग या घडीला तिच्याकडून जाणूनबुजून काही झालेलं नाही. आता ऐका. आपल्या रानात असं झाड दिसलं तर जमीनमालकानं ताबडतोब खबर दिली पाहिजे, असं कायद्यातच आहे. माहीत असून दिली नाही, तर तो वेगळा गुन्हा."

"म्हणजे मी तिला सांगितलं की..."

"की तिच्यावर आलं. आत्ता फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि मला."

"गुपचूप उपटून टाकलं तर?"

"उपटलेलं लपत नसतं ताई. गावात कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. मग अजाण होतो म्हणायची सोय राहत नाही."

"खबर दिली तर तिला धरणार नाहीत?"

"असं लिहून देऊ शकत नाही मी. धरायचं ठरवलं तर धरतील. पण स्वतः येऊन सांगणाऱ्या बाईकडं फौजदार वेगळ्या नजरेनं बघतो, एवढा माझा अनुभव."

मी तिथून निघाले तेव्हा परत परभणीची बस धरावी असा विचार मनात येऊन गेला. मी गावात पाऊल ठेवेपर्यंत पुष्पा निर्धास्त होती. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं की तिची रात्रीची झोप जाणार होती आणि कदाचित आणखीही काही. पण न सांगता निघून जाणं म्हणजे फौजदाराऐवजी नशिबावर सोडणं. ते मला जमत नाही. काळी-पिवळीत बसले. बस वेळेवर मिळेलच असं नाही, त्यामुळे गावांकडे जायला हीच जीप बरी. भरेपर्यंत सुटत नाही एवढं धरून चाला.

पुष्पा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली, हातातल्या शेंगा तशाच घेऊन.

"अक्का, सांगून यायचं ना. भाजी तरी आनली असती."

"आहे ते वाढ."

करडईची भाजी, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. ते कालवून केलेल्या या आमटीपुढे शहरातली कुठलीही आमटी मिळमिळीत लागते. त्या दिवशी मात्र मला चव कळली नाही. दत्तराव समोर बसून माझ्याकडे पाहत होते. ते कमी बोलतात, पण मी न कळवता आले म्हणजे काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

जेवून आम्ही तिघं रानात गेलो. ओळ फोटोत दिसत होती त्यापेक्षा दाट होती. निम्मी झाडं खरीच अंबाडी होती, पिवळ्या फुलांची, आत काळसर लाल ठिपका. निम्म्या झाडांना चिकट हिरवे तुरे आले होते आणि वास बांधापर्यंत येत होता.

ही ओळ कशी पेरली गेली ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते खोटं वाटेल. आमच्या भागात पेरणी करताना बैलांनी ओढायच्या तिफणीच्या मागे दोरीने एक मोघा बांधतात. मोघा म्हणजे बी सोडायचं नळकांडं. पुरुष तिफण हाकतो, बाई मोघ्यातून बी सोडत मागून चालते, आणि त्या ओळीत काय पडेल ते ती ठरवते. अंबाडी, चवळी, तीळ, जे घरात असेल ते. ओळ बाईची. आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर आला. पुष्पाच्या घरी अजून तिफण आहे. घरात नवं खायचं बी आलं तर त्यातली एक मूठ मोघ्यातून जायचीच. आणि त्या दिवशी कामाला आलेल्या बायका जाताना पदरात एकेक मूठ घेऊन जातात. पुढच्या साली मूठ परत करतात. बी एकाच घरात ठेवलं तर बुडतं, अशी समजूत आहे. कुणी कुणाला हे काय आहे म्हणून विचारत नाही. पुष्पाकाकूने दिलं म्हणजे पेरायचं.

"पुष्पा," मी म्हणाले, "ही अंबाडी नाही. गांजाचं झाड आहे."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली.

दत्तरावांनी लगेच धोतर खोचलं. "उपटू. आत्ता. गंगेत सोडून येतो." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

"कुणी पाहिलंय का हे?"

ते थांबले. बांधापलीकडचं रान त्यांच्या चुलतभावाचं, परमेश्वरचं. बांधावरून दोघांचं दोन वर्षं बोलणं नाही. "परमेश्वर परवा डहाळी मोडून घेऊन गेलाय," ते म्हणाले. "म्या बघितलं. म्हनलं भाजीला नेत असंल."

मी वकिलाने सांगितलेलं सगळं सांगितलं, काही न गाळता.

"अक्का, तुमी पुण्याला जाताल," दत्तराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते माझ्याशी असं आयुष्यात कधी बोलले नव्हते. "आमाला हितंच राहायचंय. सातबाऱ्यावर हिचं नाव हाय. हिला जीपमधी घालून नेलं तर? उद्या सुटली तरी गाव काय म्हनंल?"

"उपटल्यावर कळलं तर नक्की नेतील."

"कळंलच कशावरून?"

"कळणार नाही कशावरून?"

पुष्पा ओळीत उभी होती. एका झाडाचा तुरा तिने हातात धरला होता, सोडला, आणि हात पदराला पुसला. "म्या दोघींला दिलंय बी," ती म्हणाली. "इंदूला आन् सखूला."

इंदूचं घर जवळच होतं. पुष्पाने बांधावरूनच हाक मारून विचारलं. इंदू दारात आली. "कॅनडाचं व्हय? ते तर म्या भाजून चटनी केली काकू. पेरायला उरलंच न्हाई. चांगलं लागलं. अजून हाय का?"

सखूचं तसं नव्हतं. सखू आणि तिचा नवरा दिवाळी झाल्या झाल्या ऊसतोडीला सांगलीकडे गेले होते. त्यांचं दीड एकर रान ओढ्याकडे आहे. आम्ही लांबून पाहिलं. तुरीत एक ओळ होती, पुष्पाच्या रानातल्यापेक्षा जोरात आलेली. अंबाडीचं एकही फूल नव्हतं.

दत्तराव म्हणाले, "तिथलं बी उपटू."

"दुसऱ्याच्या रानात शिरून?" मी म्हणाले.

"मग काय करायचं? ती बिचारी मोळ्या बांधायलीय तिकडं. तिला पत्ता न्हाई."

आपल्या रानाची खबर देणं हे पुष्पाचं कर्तव्य होतं. पण सखूचं नाव घेतलं तर जिला काहीच माहीत नाही अशा बाईच्या दारात पोलीस जाणार. नाव लपवलं आणि उद्या कुणाच्या नजरेस ती ओळ पडली, तर सखू एकटी सापडणार, आणि तेव्हा बी कुणी दिलं हे सांगायला कुणी पुढे आलं नाही असंच दिसणार. बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही मी बोलून दाखवलं. दत्तराव म्हणाले, सखूचं नाव काढायचं नाही. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आयुष्यभर मी लोकांना ठणकावून सांगत आले की खरं ते सांगून मोकळं व्हावं. त्या दुपारी मला वाटत होतं की कुणीतरी हा निर्णय माझ्याऐवजी घ्यावा.

तो पुष्पाने घेतला. घरी जाऊन तिने धुतलेलं लुगडं नेसलं, देवापुढे हात जोडले आणि चपला घातल्या. "चला," एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात अर्ज मी लिहिला, तिने सही केली. फौजदार साधारण पन्नाशीचे, डोळ्यांखाली सूज. त्यांनी अर्ज वाचला आणि आधी मला विचारलं.

"हे तुम्ही सांगितलं त्यांना?"

"हो. आज दुपारी. तोपर्यंत तिला माहीत नव्हतं."

"तुम्ही कोण?"

"मोठी बहीण."

"करता काय?"

"विमा कंपनीत होते. आता फिरते आणि लिहिते."

"हे पण लिहिणार?"

"बघू काय होतं ते."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. वर फोन झाले, तहसीलमध्ये फोन झाले. मग जीप निघाली. पुष्पा मागे दोन महिला शिपायांच्या मध्ये बसली. त्यांनी तिला धरलं नव्हतं, तिच्यासाठी जागा केली होती. तरी गावात शिरताना तिने पदर पुढे ओढून घेतला. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

रानात पंच लागले. शिपायांनी जवळ दिसला त्याला बोलावलं, तो परमेश्वर निघाला. दत्तरावांनी मान फिरवली.

"तुम्ही हे झाड आधी पाहिलंय?" फौजदारांनी त्याला विचारलं.

परमेश्वरने दत्तरावांकडे पाहिलं, मग पुष्पाकडे. आता हा काय बोलतो, यावर सगळं होतं. "बघितलंय की," तो म्हणाला. "म्या डहाळी नेली व्हती शेळीला. मला बी अंबाडीच वाटली. शेळीनं हुंगून सोडून दिली. तिला कळलं, मला न्हाई."

"शेळीचा जबाब नको," फौजदार म्हणाले. "तुमचा द्या. वहिनी लपवत होत्या का?"

"लपवायची असती तर बांधाला कामून लावली असती साहेब? समद्या गावाला दाखवत व्हत्या, माझी अंबाडी बघा म्हून."

झाडं मुळासकट उपटली, मोजली, बांधली, लाखेचं सील लागलं. ऊन कलायला लागलं होतं. फौजदार बांधावर बसले आणि कागद मांडीवर घेऊन त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी दुपारपासून वाट पाहत होते.

"बी आणखी कुणाला दिलं?"

दत्तराव खाकरले. मी पुष्पाकडे पाहिलं नाही.

"इंदूला दिलं, तिनं चटनी करून खाल्ली," पुष्पा म्हणाली. "आन् सखूला. तिचं रान त्या ओढ्याकडं. तिथं बी उगवलंय. पर साहेब, सखूनं इचारलं न्हाई हे काय हाय म्हून. मी दिलं म्हून तिनं पेरलं. आजवर कुनीच इचारलं न्हाई मला. तवा त्या रानाचं बी माझ्याच नावावर लिहा. तिचं लिहू नका."

"बाई, तुम्ही म्हणाल ते लिहायला मी बसलेलो नाही. जे आहे ते लिहीन."

"मग हे बी लिहा, की मी असं म्हनले."

त्यांनी लिहिलं. मी पाहिलं, शब्दाला शब्द लिहिलं. मग म्हणाले, "त्या सखूबाईंना फोन लावा. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन लागायला वेळ गेला. लागला तेव्हा तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काकू, बोला. मोळ्या बांधायलेय."

"सखे, ते बी दिलं व्हतं बघ तुला. अंबाडीसारखं."

"ते व्हय? लय जोरात आलंय काकू. निघताना बघून आले. आता बी धरलं की तुमची मूठ पहिल्यांदा परत करनार हाय."

फौजदारांनी फोन आपल्याकडे ओढला. "बाई, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. ते झाड बेकायदा आहे. आम्ही तुमच्या रानात जाऊन ते काढतोय. नंतर जबाब द्यायला यावं लागेल."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

"काकू," सखूचा आवाज आला, एकदम लहान. "तुमी हायत का तिथं?"

"हाव. मी हाय."

"मग काढू द्या त्यांना."

पुष्पाला त्या दिवशी अटक झाली नाही. बोलावलं की यायचं, एवढं सांगून रात्रीच्या आत घरी सोडलं. मी आठवडाभर राहिले. वकिलाकडे दोनदा गेलो, ठाण्यात एकदा. समीरने पाकिटाचे आणि बिलाचे फोटो पाठवले. मधल्या वेळात गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचे. तुम्ही गेलात तर सकाळी जा. पाणी नोव्हेंबरात भरपूर असतं आणि पायऱ्यांवर निवांत बसता येतं. पुष्पा एकदाही आली नाही. आठवडाभरात तिने मला एकच गोष्ट विचारली: "फोटो पाठवला नसता तर?" मी खोटं बोलू शकले असते. "तर मला कळलं नसतं," असं म्हणाले. ती उठून आत गेली. परतताना मला सोडायला फाट्यापर्यंत दत्तराव आले, ती आली नाही.

सखूला जबाबासाठी हंगाम सोडून यावं लागलं. जाण्या-येण्यात तिचे दिवस बुडाले आणि नवऱ्याची बोलणी वेगळी. नमुने तपासायला गेले, महिने गेले. उन्हाळ्यात वकिलाचा फोन आला: कागदोपत्री पुष्पा खबर देणारी आहे, आरोपी नाही. सखूलाही अजाण धरलं आहे. मी फोन ठेवला, पाणी प्यायले आणि मग समीरला कळवलं. तो रडला. मी त्याला रडू दिलं आणि नंतर चार शब्द सुनावले.

मला विचाराल तर, खबर दिली हे बरोबर केलं. आजही तसंच करीन. तुमच्या घरी परदेशातून बी आलं तर खा, नाहीतर टाकून द्या, मातीत जाऊ देऊ नका. हा सल्ला मी पूर्ण जबाबदारीने देते आहे. पण ही सहल मी बाकीच्या सहलींच्या रांगेत ठेवू शकत नाही. तिचा खर्च मी भरला नाही.

जूनमध्ये पेरणी झाली. पुष्पाने स्वतःहून फोन केला, बऱ्याच दिवसांनी. इंदू आली नाही म्हणाली, अंग दुखतंय असा निरोप तिने धाडला. बाकीच्या बायका आल्या, मोघ्यामागे चालल्या, पण जाताना पदर पुढे करायचं कुणी धजेना. मग सखूने केला. पुष्पाने मूठ भरली, आणि पदरात टाकण्याआधी तळहात उघडून सगळ्यांना दिसेल असा धरला. "ही चवळी हाय," ती म्हणाली. "मागच्या सालची, आपल्याच रानातली."

सखू म्हणाली, "काकू, नाव सांगून द्यायचं असंल तर म्या दुकानातूनच आनलं असतं की."

"मग?" मी विचारलं. "घेतली का तिने?"

"घेतली," पुष्पा म्हणाली. "पर घरी जाऊन पेरली का काय की. म्या इचारलं न्हाई."